मोटारीचा इंधनपंप आणि त्याची विश्वसनीयता : एक ऐतिहासिक विवेचन

कारखान्यातून मोटारीबरोबर आलेला इंधनपंप काढून टाकून त्या जागी बाजारातून विकत आणलेला, अधिक क्षमतेचा पंप बसविण्याची प्रथा मोटारीइतकी नसली तरी मोटारशर्यतीइतकी जुनी खास आहे. इंजिनाची शक्ती वाढवू पाहणारा प्रत्येक हौशी आज ना उद्या या पंपापाशी येऊन थांबतो. अशा पंपास व्यापारी भाषेत 'आफ्टरमार्केट' पंप म्हणतात, आणि तो बेभरवशाचा असतो, असे मत गेली सत्तर वर्षे निरनिराळ्या पंपांविषयी जवळजवळ त्याच शब्दांत व्यक्त होत आले आहे. या मताचा इतिहास तपासला असता एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. पंपाच्या माथी मारल्या गेलेल्या दोषांपैकी बहुतांश दोषांचे मूळ पंपाबाहेर, म्हणजे नळीत, तारेत, टाकीत किंवा इंधनात होते. आणि ते तेथे होते हे प्रत्येक पिढीला नव्याने, बहुधा एखादे इंजिन गमावून, शिकावे लागले.

इंजिन गमावून, हे शब्द येथे अलंकारिक नाहीत. साध्या मोटारीचा पंप बंद पडला तर मोटार रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि प्रवाशांची गैरसोय होते, यापलीकडे सहसा काही घडत नाही. सुपरचार्जर किंवा टर्बोचार्जर बसविलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी. तेथे पंप पूर्ण बंद पडत नाही. तो कमी पडतो. पूर्ण भार घेतलेल्या इंजिनात हवा पुरेशी आणि पेट्रोल अपुरे अशी स्थिती काही क्षण जरी टिकली तरी मिश्रणाचे तापमान वाढते, त्याचा अकाली स्फोट होऊ लागतो आणि पिस्टनचा माथा वितळतो. चालकाला इशारा मिळण्यापूर्वीच नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून विश्वसनीयतेचा प्रश्न येथे सोयीचा राहत नाही.

प्रारंभीच्या मोटारींना पंपच नव्हता. १९०८ साली बाजारात आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत पेट्रोलची टाकी आसनाखाली असे आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने कार्ब्युरेटरकडे उतरत असे. टाकीत पेट्रोल थोडे असताना तीव्र चढ लागला तर इंजिन टाकीपेक्षा उंच होई व पुरवठा खुंटे. मग मालक मोटार वळवून उलट्या गिअरमध्ये चढ चढत. पुढे स्टुअर्ट-वॉर्नर कंपनीची निर्वात टाकी प्रचारात आली. इंजिनाच्या शोषणाने मागील टाकीतले पेट्रोल इंजिनाजवळच्या एका छोट्या भांड्यात ओढून आणावयाचे व तेथून ते उतरू द्यावयाचे, अशी ती युक्ती होती. परंतु लांब चढावर चालक थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवी, तेव्हा शोषण जवळजवळ नाहीसे होई आणि भांडे भरेनासे होई. पेट्रोलची गरज सर्वांत अधिक तेव्हाच पुरवठा सर्वांत कमी, ही विसंगती पुढे वेगवेगळ्या वेषांत पुनःपुन्हा भेटते.

१९२० ते १९३० या दशकाच्या अखेरीस यांत्रिक पडदापंप रूढ झाला. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरील उंचवट्याने एक तरफ हलते, तरफेने पडदा खालीवर होतो आणि दोन झडपांतून पेट्रोल पुढे ढकलले जाते. एसी या अमेरिकन कंपनीने तो इतका लोकप्रिय केला की आपल्याकडील गॅरेजांतून कोणत्याही कारखान्याच्या अशा पंपाला 'एसी पंप' हेच नाव पडले. त्यास आणखीही एक कारण संभवते. मराठीत 'पेट्रोल पंप' हा शब्द रस्त्यावरच्या विक्रीकेंद्राने आधीच बळकावलेला होता. मोटारीच्या पोटातल्या पंपाला दुसरे नाव हवेच होते. वातानुकूलनाची 'एसी' पुढे आली तेव्हा या शब्दाने नव्या गिऱ्हाइकांचा काही काळ गोंधळही केला असावा.

या पंपाची उणीव आपल्याकडील चालकांना चांगली परिचित होती. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटात उन्हाळ्याच्या दिवसांत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या मोटारी आणि पंपावर गुंडाळलेले ओले फडके हे दृश्य अनेक वर्षे नित्याचे होते. निदान बरोबर होते, पण दोषारोप चुकीचा होता. पंप बिघडलेला नसे. तो गरम इंजिनाला चिकटून बसविलेला असे आणि दूरच्या टाकीतून पेट्रोल शोषून घेत असे. शोषणाने नळीतील दाब वातावरणाहून खाली जातो. दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. आणि वाफ भरलेल्या नळीतून पडदापंपाला काहीच ओढता येत नाही. ओले फडके पंपाला थंड करी, वाफ पुन्हा द्रवरूप होई आणि मोटार निघे. पंप बदलून नवा आणणारा मालक पुढच्या उन्हाळ्यात त्याच वळणावर पुन्हा उभा राही.

मोटारीत हेतुपुरस्सर फेरफार करणाऱ्यांचा इतिहास अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियातून सुरू होतो. १९३२ साली फोर्डने स्वस्त व्ही-८ इंजिन बाजारात आणले आणि तेथील तरुणांनी वाळलेल्या सरोवरांच्या सपाटीवर त्याच्या शर्यती लावल्या. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था १९३७ मध्ये आणि नॅशनल हॉट रॉड असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन झाली. सरोवरांवर धावणाऱ्या कित्येकांनी पंपाचा प्रश्न तो काढून टाकूनच सोडविला : छोट्या टाकीत हातपंपाने हवेचा दाब भरावयाचा आणि त्या दाबानेच पेट्रोल पुढे पाठवावयाचे. काही मिनिटांच्या धावेसाठी हे पुरेसे होते. रस्त्यावरच्या मोटारीला मात्र खरा पंप हवा होता.

पाव मैलाच्या सरळ शर्यतींत कारखान्याचा यांत्रिक पंप का कमी पडतो, याचे उत्तर साध्या गणितात आहे. मोटारीचे त्वरण गुरुत्वत्वरणाइतके झाले असे मानले, तर मागील टाकीपासून पुढील पंपापर्यंतच्या सुमारे तीन मीटर नळीतील पेट्रोलचा स्तंभ मागे ढकलला जातो, आणि त्याचा उलट दाब चौरस इंचास सुमारे ३ पौंड भरतो. यांत्रिक पंपाचा एकंदर दाबच ४ ते ६ पौंड. म्हणजे मोटार जितकी जोरात सुटावी तितके पेट्रोल तिच्यापर्यंत पोचण्यास नाखूश. यावर उपाय म्हणून विजेवर चालणारे पंप विकले जाऊ लागले आणि त्यांच्याविषयीच्या तक्रारीही तेव्हापासूनच्या. विजेचा पंप ढकलण्यात प्रवीण असतो, ओढण्यात नव्हे. त्याची जागा मागे, टाकीजवळ आणि तिच्या तळाच्या पातळीला असावयास हवी. सवयीने अनेकांनी तो पुढे, जुन्या पंपाच्या शेजारी बसविला. तेथे त्याला तेच शोषण आणि तीच उष्णता मिळाली. पंप कोरडा फिरला, तापला व जळाला, आणि 'विजेचे पंप टिकत नाहीत' ही समजूत पक्की झाली.

इंग्लंडमध्ये विजेचा पंप शर्यतीच्या मार्गाने आला नाही. एस. यू. कंपनीचा विद्युतपंप मॉरिस व एम. जी. यांच्या मोटारींवर कारखान्यातूनच येत असे. विद्युतचुंबक पडदा ओढतो, संपर्कबिंदू उघडतात, स्प्रिंग पडदा परत ढकलते, बिंदू पुन्हा जुळतात; त्याची टकटक चालकाला ऐकू येई. इग्निशन चालू केल्यावर ती टकटक काही क्षणांनी मंदावून थांबली तर कार्ब्युरेटर भरला. थांबलीच नाही तर टाकी रिकामी किंवा नळी फुटलेली. आपली प्रकृती स्वतःच्या तोंडाने सांगणारा असा पंप पुढे झाला नाही. त्याचा दोष मात्र खरोखर त्याचाच होता. संपर्कबिंदू ठिणग्यांनी झिजत व चिकटत, आणि हातोडीच्या दांड्याचा हलका ठोका बसला की पंप पुन्हा चालू होई. या मोटारींची इंजिने वाढविणाऱ्यांनी तो काढून जोरकस पंप बसविले, तेव्हा नवीच अडचण उभी राहिली : एस. यू. कार्ब्युरेटरची सुईझडप त्या वाढलेल्या दाबापुढे बंद राहीना, पेट्रोल वाहून जाऊ लागले आणि आगीची भीती निर्माण झाली. कमकुवत पंपापेक्षा बलवान पंप अधिक घातक ठरल्याचे हे उदाहरण पंपांच्या जाहिरातींत अर्थातच आढळत नाही.

आगीच्या संदर्भात आणखी एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. यांत्रिक पंप इंजिनाबरोबर थांबतो. विजेचा पंप थांबत नाही. अपघातात इंजिन बंद पडून नळी तुटली तरी तो पेट्रोल फेकीत राहतो. कारखानदारांनी यासाठी व्यवस्था केली होती. १९७१ च्या शेव्हरोले व्हेगा मोटारीत इंजिनातील तेलाचा दाब नाहीसा होताच टाकीतला पंप बंद होई. इतरांनी धक्क्याने उघडणारे स्विच वापरले. घरगुती जोडणीत मात्र दोन तारा आणि एक बटण एवढ्यावरच काम भागविले गेले.

१९६७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इंधन-अंतःक्षेपणाची योजना फोक्सवॅगन १६०० या मोटारीवर आली आणि पंपाचे सारे मानच बदलले. कार्ब्युरेटरला चौरस इंचास पाच पौंड पुरत. अंतःक्षेपणाला तीस, चाळीस आणि काही योजनांत सत्तर पौंड लागू लागले. पुढे पंप टाकीच्या आत गेला. तेथे तो पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. पेट्रोलच त्याला थंड ठेवते व वंगणही पुरविते. शोषणाचा जुना प्रश्न यामुळे सुटला. पण त्याचबरोबर पंप दृष्टीआड झाला, त्याचा आवाज दबला, आणि तो उघडून दुरुस्त करण्याची सोय संपली. पंपाविषयीचे लोकमत यानंतर अनुमानावरच बनत गेले आहे.

या अनुमानांचा सुवर्णकाळ म्हणून १९८६ नंतरची दहा-पंधरा वर्षे दाखविता येतील. फोर्ड मस्टँगच्या ५ लिटर व्ही-८ इंजिनाला १९८६ मध्ये अंतःक्षेपण मिळाले आणि १९८७ पासून त्याची शक्ती २२५ अश्वशक्ती झाली. टाकीतील पंप ताशी ८८ लिटरांचा होता. पूर्ण भारावर एका अश्वशक्तीला ताशी सुमारे अर्धा पौंड पेट्रोल लागते, असे धरले तर २२५ अश्वशक्तीची गरज ताशी ११२ पौंड, म्हणजे ६८ ते ७० लिटर. कारखान्याने पंपाला बऱ्यापैकी मोकळीक ठेवली होती. आता त्याच इंजिनावर सुपरचार्जर बसवून ३५० अश्वशक्ती काढावयाची ठरविली, तर थंडाव्यासाठी मिश्रण समृद्ध ठेवावे लागते व गरज ताशी १२५ लिटरांपलीकडे जाते. मूळ पंप येथे अपुरा पडणार हे उघड आहे. त्यामुळे १५५, १९० आणि अखेर २५५ लिटरांच्या पंपांना मागणी आली. २५५ लिटरांचा पंप बहुतेकांच्या तोंडी मिशिगन राज्यातील वालब्रो या कंपनीच्या नावाने बसला. ही कंपनी १९५० साली लहान इंजिनांच्या कार्ब्युरेटरांसाठी निघाली होती, आणि १९९९ मध्ये ती टीआय समूहाकडे गेली.

हे लिटरांचे आकडे लोकांनी जसेच्या तसे घेतले, येथे चुकीला प्रारंभ झाला. पंपाचा प्रवाह हा एक आकडा नसून वक्ररेषा असते : दाब वाढला की प्रवाह घटतो, व्होल्टता घटली की आणखी घटतो. त्या काळातील स्वस्त सुपरचार्जर-संचांत संगणकाची मांडणी न बदलता इंधन वाढविण्यासाठी एक यांत्रिक नियामक दिलेला असे. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब एक पौंड वाढला की तो इंधनाचा दाब दहा-बारा पौंडांनी वाढवी. सहा पौंड हवेच्या दाबाला मूळचे ३९ पौंड शंभरापर्यंत जात. मूळच्याच लहान फवारण्यांतून अधिक पेट्रोल काढण्याची ही ओढाताण होती; प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढत असल्याने अडीचपट दाब देऊन जेमतेम दीडपट पेट्रोल हाती येई. किंमत पंप मोजीत असे. चाळीस पौंडांना २५५ लिटर देणारा पंप शंभर पौंडांना त्याच्या कितीतरी खाली उतरे, त्याचा विद्युतप्रवाह वाढे आणि मोटर तापे. असा पंप काही महिन्यांत गेला तर 'बाजारी पंप टिकत नाही' असा निर्वाळा मिळे. नियामकाबद्दल कोणी तक्रार करीत नसे, कारण तो कधीच बिघडत नसे.

बुइक कंपनीच्या १९८६-८७ च्या टर्बोचार्ज केलेल्या व्ही-६ मोटारींच्या मालकांनी या बाबतीत अधिक चिकित्सकपणा दाखविला, असे म्हणावे लागते. त्यांनी पंपाच्या अग्रांवर व्होल्टमापक लावून पाहिला. आल्टरनेटरकडे साडेतेरा व्होल्ट असताना मागील टाकीपर्यंत पोचता पोचता त्यातील काही बारीक तारांत व जोडांत गडप होत होते. कारखान्याच्या पंपाला ती तार पुरेशी होती. अधिक प्रवाह ओढणाऱ्या नव्या पंपाला ती अपुरी होती, आणि भार जितका अधिक तितकी घट अधिक. त्यांनी आल्टरनेटरपासून पंपापर्यंत एक जाड तार टाकली, तिच्यात रिले व फ्यूज घातले आणि जुन्या तारेकडे फक्त रिले चालविण्याचे काम ठेवले. या जोडणीचे तयार संच 'हॉट वायर' या नावाने विकले जाऊ लागले. पंप तोच राहिला. त्याची 'विश्वसनीयता' मात्र सुधारली. निर्वात टाकीच्या काळची विसंगती येथे तारेत अवतरली होती आणि या वेळी कोणीतरी ती मोजून पाहिली, एवढाच फरक.

टाकीच्या आतील कारणे यापेक्षा छुपी असतात. पंप आणि टाकीच्या झाकणावरील नळी यांना जोडणारा चार बोटे लांबीचा रबरी तुकडा बदलताना बहुतेक जण दुकानात मिळणारी साधी पेट्रोलनळी वापरतात. ती आतून पेट्रोल सहन करते, बाहेरून नाही. पेट्रोलात कायम बुडालेल्या नळीसाठी अमेरिकेच्या एसएई संस्थेच्या जे-३० मानकात आर-१० हा निराळा वर्ग आहे. साधी नळी काही महिन्यांत फुगते, मऊ पडते व चिरते. गळती टाकीच्या आतच होत असल्याने बाहेर थेंबही दिसत नाही. दाब मात्र पडतो. मग पुन्हा पंप बदलला जातो, त्याबरोबर तसाच आणखी एक तुकडा जोडला जातो, आणि नव्या पंपाचे आयुष्यही 'काही महिने' एवढेच निघते. पेट्रोलची पातळी कमी ठेवून जोरात वळणे घेणाऱ्या मोटारींत पंपाच्या तोंडापासून पेट्रोल बाजूला सरकते व तो हवा ओढतो. कारखान्याच्या टाकीत यासाठी आडभिंती किंवा पंपाभोवती छोटे कुंड असते. पंप बसत नाही म्हणून ते कापून टाकणारेही आढळतात.

मराठी गॅरेजांत अशा प्रसंगी 'पंप गेला' असे म्हणतात. 'जाणे' हे क्रियापद अकर्मक आहे; पंप कशाने घालविला, ही विचारणा त्या वाक्यात राहतच नाही. इंग्रजी मेकॅनिकाची वाक्यरचनाही याहून वेगळी नाही. बुइकच्या मालकांनी व्होल्टमापक लावला तो या क्रियापदाला कर्ता शोधण्यासाठी, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

या विवेचनावरून पंप सदैव निर्दोष असतो, असा निष्कर्ष काढणे मात्र सर्वस्वी चुकीचे ठरेल. लोकप्रिय पंपांच्या नावाने व खोट्या शिक्क्यांनी विकले जाणारे बनावट पंप ही वस्तुस्थिती आहे, आणि ते घेणाऱ्याला तार व नळी कितीही निर्दोष असली तरी उपयोग नाही. कारखान्याचा पंप म्हणजे निर्धास्तपणा, हेही खरे नव्हे. २०२० साली टोयोटा कंपनीने जगभरातून लक्षावधी मोटारी परत बोलाविल्या, त्या डेन्सो कंपनीने पुरविलेल्या पंपातील प्लास्टिकचे फिरते पाते पेट्रोलमुळे तडकून वाकडे होण्याची शक्यता दिसून आल्यामुळे. त्या मोटारींत कोणी कसलाही फेरफार केलेला नव्हता. असाच दोष एखाद्या बाजारी पंपात निघाला असता तर तो शोधून काढण्यास लागणारी नोंद, चाचणी व कायद्याचा धाक यांपैकी काहीही उपलब्ध नसते, आणि त्या पंपाची केवळ अपकीर्ती झाली असती.

इंधनानेही आपला वाटा उचललेला आहे. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. त्यामुळे तेवढ्याच शक्तीसाठी त्याचे आकारमान अधिक लागते. ८५ टक्के इथेनॉल असलेल्या ई-८५ या मिश्रणावर फेरफार केलेले इंजिन चालवावयाचे तर पंपाची क्षमता सुमारे तिसऱ्या हिश्श्याने वाढवून धरावी लागते. शिवाय जुन्या पंपांतील तांब्याचे कम्युटेटर अशा इंधनात लवकर झिजतात. म्हणून कार्बनचे कम्युटेटर आले आणि त्यापुढे ब्रशविरहित मोटरी आल्या. भारतातही पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले असल्याने जुन्या मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न केवळ हौशी लोकांपुरता उरलेला नाही.

या विषयाच्या अभ्यासकापुढील खरी अडचण साधनांची आहे. एस. यू. पंप आजही उघडता येतो. त्याचे झिजलेले बिंदू पाहून तो कशाने थांबला हे सांगता येते, आणि जुन्या मोटारींच्या संग्रहाकांकडे असे पंप चालू स्थितीत आहेत. टाकीतील पंप मात्र पत्र्याच्या नळकांड्यात कायमचा मिटविलेला असतो. तो बंद पडला की नवा बसविला जातो आणि जुना त्याच दिवशी भंगारात जातो. त्याच्याबरोबर ती चिरलेली नळी आणि काळवंडलेला तारेचा जोडही जातो. १९८६ नंतरच्या पंपांविषयी जी मते छापली गेली, ती ज्या पंपांवरून बनली त्यांपैकी क्वचितच एखादा कोणी कापून आत पाहिलेला आहे.